पहिली कापडी पिशवी: कापड भिजवण्यापासून बंद पक्के करण्यापर्यंत

वाकड्या टिपेची पिशवीसुद्धा वर्षानुवर्षं भाजी आणते. पहिली पिशवी वाया जाते ती वेगळ्याच कारणांनी. कापड न भिजवता कापलेलं असतं. खिसा आणि बंद (पिशवी धरायच्या पट्ट्या) यांची आठवण पिशवी शिवून झाल्यावर होते. आतल्या कडा उघड्या राहतात आणि दोन धुण्यांत त्यांचे दोरे सुटून शिवणच उसवते. दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती पिशव्या पाहिल्या की याच चुका पुन्हा पुन्हा दिसतात, आणि या सगळ्या क्रम चुकल्यामुळे होतात. म्हणून इथे दिलेल्या क्रमानेच काम करा. एखादा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी तो पुढे ढकलू नका.

या लेखातली पिशवी बिनअस्तराची आहे, पण आत एकही कड उघडी राहत नाही. त्यासाठी ओव्हरलॉकची (कडा दोऱ्याने गुंफणाऱ्या मशीनची) गरज नाही, साधी सरळ टीप मारणारं घरचं मशीन पुरेसं आहे. तयार पिशवी सुमारे साडेचौदा इंच उंच होते आणि तिचा तळ चार इंच रुंद असतो. बंद खांद्यावर अडकवता येतील इतके लांब आहेत. मापं इंचात दिली आहेत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, हे धरून चला.

## टप्पा १ : कापड निवडा

पहिल्या पिशवीसाठी जाडसर मांजरपाट किंवा मध्यम जाडीचं केसमेंट घ्या. सव्वा मीटर पुरतं. पन्हा (कापडाची रुंदी) ३६ इंचांचा असला तरी अंग (पिशवीचा मुख्य तुकडा), दोन बंद आणि खिसा एवढं सगळं त्यात बसतं.

जाड कॅनव्हास पाहून मोह होतो, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या पिशवीसाठी ठेवा. या पिशवीच्या तोंडाशी, बंद जोडतो तिथे, कापडाचे अकरा थर एकावर एक येतात. मांजरपाटाचे अकरा थर घरचं मशीन सावकाश ओलांडतं. कॅनव्हासच्या अकरा थरांत सुई अडते किंवा मोडते. कॅनव्हासच वापरायचा असेल तर बंद त्याच कापडाचे करू नका. बॅगेसाठी मिळणारी एक इंच रुंदीची सुती पट्टी घ्या, म्हणजे थर पाचावर येतात.

जुनी जीन्स, खण, जुनी साडी यांच्या पिशव्या छान दिसतात, पण शिकण्यासाठी हे कापड कठीण. जीन्सच्या जुन्या शिवणींचे उंचवटे सुई मोडतात. खण आणि साडी पातळ असल्यामुळे अस्तर आणि बकरम (आत घालायचं कडक कापड) यांच्याशिवाय वजन पेलत नाहीत. जुना सुती पडदा मात्र चांगला. फक्त तो उजेडाकडे धरून बघा आणि जिथे विरलेला असेल तो भाग टाळा.

लक्ष ठेवा: या पिशवीचं अंग एकाच लांब तुकड्याचं आहे आणि तळाशी ते दुमडलं जातं. कापडावर हत्ती, मोर, अक्षरं अशी एका दिशेने छापलेली नक्षी असेल तर मागच्या बाजूला ती उलटी येईल. पहिल्यांदा सरळ रेघा, ठिपके किंवा बिननक्षीचं कापडच घ्या.

## टप्पा २ : कापड भिजवा, मग इस्त्री करा

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. कोऱ्या मांजरपाटात खळ असते आणि सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. न भिजवता शिवलेली पिशवी धुतल्यावर लहान होतेच, शिवाय वेडीवाकडी होते, कारण कापड आटतं आणि दोरा आटत नाही. शिवणीवर मग चुण्या पडतात, आणि त्या इस्त्रीने जात नाहीत.

कापड साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी हाताने चोळून खळ काढा, न पिळता निथळा आणि सावलीत वाळत घाला. पूर्ण कोरडं होण्याआधी, किंचित दमट असताना, उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवा. बंदासाठी सुती पट्टी घेतली असेल तर तीही याच बादलीत भिजवा, तीसुद्धा आटते.

रंगीत कापड वेगळं भिजवा. दुसऱ्या पाण्यालाही रंग जात असेल तर ते पांढऱ्या कापडाबरोबर एका पिशवीत वापरू नका.

तपासा: इस्त्री केलेलं कापड जमिनीवर पसरा. काठ सरळ आहेत का आणि कोपरे काटकोनात बसतात का ते पाहा. कापड एका बाजूला ओढल्यासारखं दिसत असेल तर दोघांनी मिळून समोरासमोरचे तिरके कोपरे धरून हलकेच ताणा आणि पुन्हा इस्त्री करा.

## टप्पा ३ : मशीन आणि दोरा तयार करा

कापायला बसण्याआधी मशीन चालू स्थितीत आहे याची खात्री करा. कापलेले तुकडे हातात घेऊन मशीनशी झुंजत बसलं की घाई होते.

सुई नवीन लावा. मांजरपाटाला १४ किंवा १६ नंबर, कॅनव्हासला १६ किंवा १८. सुई लावताना एक नियम लक्षात ठेवा: सुईवरची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला यायला हवी, आणि वरच्या टोकाची चपटी बाजू त्याच्या विरुद्ध. मशीन कुठल्याही बनावटीचं असो, हा नियम बदलत नाही. सुई पूर्ण वर ढकलून स्क्रू आवळा. अर्धवट वर गेलेली सुई टाके सोडते.

दोरा पॉलिस्टरचा घ्या, वर आणि बॉबिनमध्ये (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात) एकच. बॉबिनमध्ये घरात पडलेला कुठलातरी दोरा भरायची सवय असते, ती इथे चालणार नाही. तोंडाची शिवण आपण आतून मारणार आहोत, त्यामुळे बाहेर दिसणारी टीप बॉबिनच्या दोऱ्याची असेल.

टाक्याची लांबी इंचाला आठ ते दहा टाके पडतील अशी ठेवा, म्हणजे सुमारे अडीच ते तीन मिलिमीटर. फार बारीक टाके मजबूत असतात असं वाटतं, पण जाड कापडात ते एका रेषेत भोकं पाडतात आणि वजनाने कापड तिथूनच फाटतं.

काळ्या मशीनला नुकतंच तेल दिलं असेल तर आधी चिंधीवर दहा-बारा रेघा मारून घ्या. सुईच्या दांड्यावरून ओघळलेलं तेल मांजरपाटावर पडलं की डाग सहज निघत नाही.

आता कापडाचे चार थर करून चाचणी टीप मारा.

- खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता आला तर दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) वर उचलून दोरा पहिल्यापासून पुन्हा ओवा. फूट खाली असताना ओवलेला दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही.
- मधले टाके सुटत असतील तर सुई वाकलेली किंवा उलटी लागलेली आहे.
- वरचा दोरा पुन्हा पुन्हा तुटत असेल तर ताण थोडा सैल करा. तरीही तुटला तर रीळ बदला. जुना सुती दोरा कुजलेला असतो.

चाचणी मनासारखी आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४ : मापं आखा आणि कापा

चार गोष्टी जवळ घ्या: टेप, लांब पट्टी, शिंप्याचा खडू आणि फक्त कापडासाठी राखलेली कात्री. कागद कापलेल्या कात्रीने कापड चावल्यासारखं कापलं जातं. बॉलपेनने आखू नका, शाई सुलट बाजूला उतरते.

तुकडे असे:

- अंग: १८ × ३६ इंच, एक तुकडा
- बंद: ४ × २८ इंच, दोन तुकडे
- खिसा: ७ × ८ इंच, एक तुकडा

या मापांत शिलाईची माया (टिपेबाहेर सोडायचं जादा कापड) धरलेली आहे, वेगळी सोडू नका. बंद हातात धरण्यापुरतेच हवे असतील तर २८ ऐवजी १८ इंच घ्या.

अंगाची ३६ इंच बाजू आणि बंदांची २८ इंच बाजू कापडाच्या काठाला समांतर ठेवा. काठाला समांतर धावतो तो उभा धागा, आणि तो कमी ताणतो. आडवे कापलेले बंद वजनाने लांबतात, तिरके कापलेले तर पीळ खातात. उरलेल्या तुकड्यात बसवायचे म्हणून बंद तिरके काढणं ही नेहमीची चूक. कापड कमी पडत असेल तर खिसा गाळा, पण बंद उभेच कापा.

सरळ रेघ कशी मिळवायची? मांजरपाट दुकानदार फाडून देतो तसं फाडता येतं: कडेला छोटी चीर द्या आणि एका झटक्यात ओढा, कापड धाग्यावरच फाटतं. फाटलेली कड जरा ओढली जाते, तिला इस्त्री करा. केसमेंट किंवा कॅनव्हास फाडू नका. त्यातला एक आडवा धागा सुईने उचलून ओढून काढा. कापडावर बारीक रिकामी रेघ उमटते, तिच्यावरून कात्री चालवा.

कापताना कापड टेबलावर सपाट ठेवा, हातात उचलू नका. डावा तळवा कापडावर दाबून धरला की ते सरकत नाही.

तपासा: अंगाचा तुकडा ३६ इंच बाजू निम्मी होईल असा दुमडा. चारही कडा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. दोन सुतांपेक्षा जास्त फरक असेल तर आत्ताच छाटून सरळ करा. शिवताना ओढून जुळवलेला फरक तयार पिशवीत पीळ म्हणून दिसतो.

अंग असंच दुमडलेलं असताना तळाच्या दुमडीवर इस्त्रीने पक्की घडी घाला आणि दोन्ही टोकांशी खडूने बारीक खूण करा. टप्पा ९ मध्ये ती लागेल.

## टप्पा ५ : बंद आधी शिवा

बंद शेवटी करायचे असं वाटतं, पण ते सगळ्यात आधी करा. पिशवी तयार झाली की हात घाई करतो, आणि बंदाला घाई चालत नाही. शिवाय लांब सरळ टिपेचा सराव इथेच होतो.

चार इंची पट्टी सुलट बाजू बाहेर ठेवून लांबीत मधोमध दुमडा आणि इस्त्री करा. उघडा. आता दोन्ही लांब कडा मधल्या घडीपर्यंत आणून इस्त्री करा. पुन्हा मधल्या घडीवर मिटा. एक इंच रुंदीचा, चार थरांचा बंद तयार होतो आणि कडा आत झाकल्या जातात. इस्त्रीशिवाय, नुसत्या टाचण्यांवर हे करू नका. घड्या सरकतात आणि बंद कुठे पाऊण तर कुठे सव्वा इंच होतो.

उघड्या बाजूला, कडेपासून एक सूत आत, पूर्ण लांबीची टीप मारा. मग दुसऱ्या कडेलाही तशीच. दोन्ही टिपा एकाच टोकापासून सुरू करा. एक टीप वरून खाली आणि दुसरी खालून वर मारली तर थर परस्परविरुद्ध सरकतात आणि बंदावर तिरक्या चुण्या येतात.

टाचणीवरून सुई नेऊ नका. सुई टाचणीवर आपटून तुटली तर तिचं टोक डोळ्याकडे उडू शकतं. सुई जवळ आली की टाचणी काढा.

तपासा: दोन्ही बंद शेजारी ठेवा. लांबी सारखी हवी. एक मोठा असेल तर तो छाटा, लहान बंद ओढून लांब होत नाही.

## टप्पा ६ : खिसा, कापड सपाट असतानाच

वरची कड अर्धा इंच, मग पुन्हा अर्धा इंच मुडपून टीप मारा. उरलेल्या तीन कडा अर्धा इंच आत मुडपून फक्त इस्त्री करा. अंगाच्या उलट बाजूवर, रुंदीच्या मधोमध, वरच्या कच्च्या कडेपासून साडेचार इंच खाली खिशाचं तोंड येईल असा तो ठेवा. खिशाचं तोंड अंगाच्या जवळच्या टोकाकडे आहे ना, हे बघून घ्या. तीन बाजूंनी कडेवर टीप मारा आणि तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत छोटा त्रिकोण शिवा, कारण खिसा तिथूनच उसवतो.

## टप्पा ७ : तोंडाच्या घड्या आत्ताच घाला

इथे शिवायचं काहीच नाही. अंगाच्या दोन्ही अठरा इंची कडा उलट बाजूला आधी अर्धा इंच, मग एक इंच मुडपून कडक इस्त्री करा आणि पुन्हा उघडून सपाट करा.

पिशवी गोल झाल्यावर तोंडाची मुडप एकसारखी घालणं नवशिक्याला फार अवघड जातं, कापड सपाट असताना हेच पाच मिनिटांचं काम आहे. नंतर या घडीवरून मुडप आपोआप बसते.

## टप्पा ८ : बाजूच्या शिवणी, दोनदा

आता फ्रेंच शिवण, म्हणजे कच्ची कड आत झाकणारी दुहेरी शिवण. तिची पहिली पायरी पाहून आपण काहीतरी उलटं करतोय असं प्रत्येकाला वाटतं, कारण पहिली टीप सुलट बाजू बाहेर ठेवून मारायची असते. ते बरोबरच आहे.

१. अंग तळाच्या घडीवर दुमडा, सुलट बाजू बाहेर, खिसा आत. आधी तोंडाकडची टोकं जुळवून टाचणी लावा, मग तळाशी, मग मध्ये दर तीन इंचांवर.

२. कडेपासून पाव इंचावर टीप मारा. दोन्ही बाजू तळापासून तोंडाकडे शिवा. सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप मारून पक्कं करा. मशीनला रिव्हर्स नसेल तर सुई कापडात ठेवून प्रेसर फूट उचला, कापड फिरवा आणि त्याच टिपेवरून अर्धा इंच परत या.

३. माया छाटून एक सूत ठेवा. ही छाटणी टाळली तर दुसऱ्या टिपेनंतर बाहेरच्या बाजूला दोऱ्यांचे केस डोकावत राहतात. टीप कापली जाणार नाही याची काळजी घ्या, कात्रीचं टोक नव्हे, मधला भाग वापरा.

४. पिशवी उलटी करा, म्हणजे आता उलट बाजू बाहेर. शिवण बोटांनी चोळून बाहेर काढा, ती अगदी कडेवर आली पाहिजे. मग इस्त्री करा.

५. कडेपासून तीन सूत आत दुसरी टीप मारा, पुन्हा तळापासून तोंडापर्यंत. पहिल्या शिवणीची छाटलेली कड या दोन टिपांच्या मध्ये बंद होते.

शिवताना कापड मागून ओढू नका. मशीनचे दाते खालचा थर स्वतःच पुढे नेतात, तुमचा हात फक्त दिशा देतो. ओढलं की वरचा थर मागे राहतो आणि तोंडाशी दोन कडांत फरक पडतो. फरक एका सुताचा असेल तर तो मुडपेत लपतो. त्याहून जास्त असेल तर उसवा आणि टाचण्या जवळजवळ लावून पुन्हा शिवा.

तपासा: पिशवी सुलट करून शिवणीवरून बोट फिरवा. एखादा दोरा बाहेर आलेला असेल तर तिथे दुसरी टीप कडेच्या फार जवळून गेली आहे. तेवढ्याच भागात, आधीच्या टिपेच्या किंचित आत, पुन्हा टीप मारा. दोरा नुसता कापून टाकला तर धुतल्यावर तिथून नवा बाहेर येतो.

## टप्पा ९ : तळाला रुंदी द्या

तळ न घातलेली पिशवी जमिनीवर ठेवली की आडवी पडते, आणि कांदे-बटाट्यांचं सगळं वजन दोन टोकांवर येतं.

पिशवी पुन्हा उलटी करा. एक कोपरा हातात घ्या आणि बाजूची शिवण तळाच्या घडीवर येईल असा चपटा करा. टोकाशी त्रिकोण तयार होतो. टप्पा ४ मध्ये केलेली खूण आणि शिवण एकमेकींवर आहेत का, हे दोन बोटांत धरून चाचपा. आतून टाचणी टोचून बाहेर कुठे निघते ते पाहिलं तर आणखी खात्री होते.

आता शिवणीवरून टोकापासून दोन इंच मोजा. टोक म्हणजे शिवणीची टीप जिथे संपते ते, कापडाचं टोक नव्हे. मायेचे तीन सूत धरून मोजलं तर तळ लहान येतो. या खुणेवर शिवणीला काटकोनात आडवी रेघ आखा. तिची लांबी चार इंच भरली पाहिजे. साडेतीन किंवा साडेचार भरली तर खूण सरकवा आणि दुसऱ्या कोपऱ्यालाही अगदी तसंच करा. दोन्ही कोपरे आखून, मापून झाल्यावरच पहिला शिवा.

रेघेवर टीप मारा. मध्यभागी शिवणीचा उंचवटा येतो, तिथे मोटर किंवा पायटा थांबवून चाक हाताने फिरवा. पहिल्या टिपेपासून एक सूत टोकाकडे दुसरी टीप मारा.

कोपरा कापून टाकायचा मोह आवरा. कापला तर एक नवी कच्ची कड तयार होते आणि आतापर्यंतची मेहनत तिथे वाया जाते. त्रिकोण तळाकडे वळवा आणि त्याचं टोक हाताने चार टाके घालून तळाला अडकवा. तेवढा भाग दुपटी होऊन तळ मजबूत होतो.

तपासा: पिशवी सुलट करून टेबलावर उभी करा. तळ चौकोनी दिसला पाहिजे. तिरका दिसत असेल तर एका कोपऱ्यात शिवण आणि घडी जुळलेली नाहीत. आत्ता उसवणं सोपं आहे.

## टप्पा १० : तोंडाची मुडप आणि बंद एकत्र

पिशवी सुलट असू द्या. टप्पा ७ मधल्या घड्यांवरून तोंड आत मुडपा, आधी अर्धा इंच, मग एक इंच. बाजूच्या दोन्ही शिवणी मागच्या बाजूकडे झोपवा.

समोरच्या बाजूला, दोन्ही शिवणींपासून साडेचार इंचांवर आत खडूने खुणा करा. बंदाची बाहेरची कड या खुणेवर येईल. मागच्या बाजूलाही तसंच. समोरच्या आणि मागच्या खुणा समोरासमोर येतात का, हे तोंड मिटून बघा.

आता बंदाचं टोक मुडपेच्या आत, वरच्या घडीपर्यंत सरकवा. बंद पिशवीच्या आत तळाकडे लोंबत राहील. तो वर उभा करायचा नाही, ते नंतर. दुसरं टोक लावण्याआधी बंद पूर्ण लांबीवर बोटांतून ओढून घ्या आणि पीळ नाही याची खात्री करा. एका बंदाची दोन्ही टोकं एकाच बाजूला लागतात. एक टोक समोर आणि एक मागे लावलेली पिशवी पाहिली की वाईट वाटतं, कारण बाकी सगळं नीट केलेलं असतं.

पिशवीचं तोंड स्वतःकडे करा, म्हणजे आतली मुडप डोळ्यांसमोर येते. या स्थितीत फक्त तोंडाची कड प्रेसर फूटखाली जाते आणि बाकीची पिशवी सुईभोवती उभी राहते. मुडपेच्या खालच्या कडेपासून एक सूत आत, बाजूच्या शिवणीच्या थोडं पुढून सुरुवात करून पूर्ण फेरी मारा.

लक्ष ठेवा: दर चार-पाच इंचांनी थांबून खाली हात घाला. पिशवीची दुसरी बाजू सुईखाली आली तर तोंडच शिवलं जातं.

बंदांवर आणि बाजूच्या शिवणींवर चाक हातानेच फिरवा. जाड भागावर चढताना प्रेसर फूट मागे कलतो आणि टाके बारीक होऊन एकाच जागी अडकतात. त्या वेळी फूटच्या मागच्या भागाखाली घडी केलेला पुठ्ठा सरकवा, म्हणजे तो सपाट राहतो. उंचवटा ओलांडला की पुठ्ठा काढा.

फेरी पूर्ण झाल्यावर चारही टोकांशी बंद वर उलटवा. आता ते तोंडाच्या वर उभे राहतील. टाचणी लावा आणि तोंडाच्या वरच्या कडेपासून एक सूत खाली दुसरी फेरी मारा.

शेवटी प्रत्येक जोडावर एक इंचाचा चौकोन शिवून आत फुली मारा. दोरा न तोडता हे जमतं: चौकोन पूर्ण करा, कोपऱ्यात सुई कापडात ठेवून फूट उचला, कापड वळवा, कर्णावर जा, वरच्या कडेवरून पलीकडच्या कोपऱ्यात या आणि दुसरा कर्ण मारा. एकाच ठिकाणी पाच-सहा वेळा पुढे-मागे शिवून जाडजूड गाठ करण्यापेक्षा फुली कितीतरी बरी. गाठीत सगळा ताण एका रेघेवर येतो आणि कापड तिथे फाटतं, फुलीत तो चौकोनभर पसरतो.

मशीन अकरा थर घेतच नसेल तर चौकोन-फुली हाताने करा. जाड सुई, दुहेरी पॉलिस्टर दोरा आणि प्रत्येक टाक्याला मागे येणारी हातटीप. नुसता धावदोरा घालू नका, त्यातला एक टाका तुटला की सगळी रांग सुटते.

## टप्पा ११ : वजन लावून बघा

पिशवीत ५ किलोची तांदळाची किंवा गव्हाची पिशवी ठेवा आणि दोन्ही बंद खुंटीवर अडकवून रात्रभर टांगा. सकाळी तीन जागा पाहा.

बंदांच्या जोडाशी टाके ताणून भोकं मोठी झाली असतील तर टाके फार बारीक पडले आहेत. तिथे आतल्या बाजूने दोन इंची चौरस तुकडा कडा मुडपून लावा आणि लांब टाक्याने पुन्हा चौकोन-फुली मारा. तळाचा कोपरा उघडत असेल तर तिसरी टीप मारा. पिशवी एका बाजूला कलत असेल तर दोन बंदांची लांबी मापा. फरक असेल तर लांब बंदाचं एक टोक उसवून तेवढं आत घ्या.

मग खडूच्या खुणा ओल्या फडक्याने पुसा. इस्त्री खुणा गेल्यावरच करा. काही रंगीत खडूंचे डाग उष्णतेने कायमचे बसतात, आणि मांजरपाटावर ते लगेच दिसतात.